मुकिंदा थायलंडात फोटो मागतो

एका गावात एक भोळा खतवाला होता. गावाचं नाव बोरखेड, त्याचं नाव मुकिंदा. सांगाल ते तो करायचा. सांगाल तेवढंच करायचा. खताची पोती उन्हात ठेवू नका म्हटलं, तर दुपारभर पोत्यांवर छत्री धरून उभा राहायचा.

त्या वर्षी त्याच्या दुकानातून बियाणं भरपूर खपलं. बियाण्याच्या कंपनीनं खूश होऊन चाळीस दुकानदारांना थायलंडची सहल दिली. त्यात मुकिंदाही आला.

निघताना त्याची बायको सोजर म्हणाली, "अहो, मला इमारतींचे फोटो नकोत. तिथली माणसं बघायचीत. हसरी माणसं. आणि काय करायचं ते सहलीच्या मॅडमना विचारा. स्वतःचं डोकं चालवू नका."

"बरं," मुकिंदा म्हणाला आणि डोक्यावर टोपी घालून निघाला.

सहलीच्या मॅडम होत्या नेने मॅडम. फार समजूतदार बाई. पहिल्याच दिवशी त्यांनी बसमध्ये सगळ्यांना शिकवलं, "इथे परवानगीशिवाय एकही फोटो काढायचा नाही. आधी हात जोडायचे. मग म्हणायचं, 'खो थाय रूप दाय माय ख्रप?' म्हणजे, फोटो काढू का? समोरचा 'दाय' म्हणाला तर काढा. 'माय दाय' म्हणाला तर राहू द्या."

मुकिंदानं ते वाक्य पाठ केलं. जेवताना म्हटलं, दात घासताना म्हटलं. अगदी पक्कं झालं.

दुसऱ्या दिवशी सगळे एका देवळात गेले. दारात एक मोठा राक्षस उभा. हिरवं तोंड, हातात गदा. मुकिंदानं हात जोडले. "खो थाय रूप दाय माय ख्रप?"

राक्षस काही बोलला नाही.

मुकिंदानं पुन्हा विचारलं. मग जरा मोठ्यानं विचारलं. अर्धा तास गेला. बसमध्ये एकोणचाळीस दुकानदार घामाघूम झाले. नेने मॅडम शोधत आल्या.

"अहो मुकिंदराव, तो दगडाचा आहे!"

"तरीच म्हटलं, वेळ लागतोय."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "जो हलत नाही त्याला विचारायचं नसतं. सरळ फोटो काढायचा."

"बरं," मुकिंदा म्हणाला.

देवळाबाहेर पाय चेपून देण्याचं दुकान होतं. खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ रेलले होते. पाय गरम पाण्याच्या घमेल्यात, डोळे मिटलेले, तोंड उघडं. मुकिंदानं नीट पाहिलं. हलत नव्हते. मग विचारायचं कशाला? त्यानं मोबाईल त्यांच्या नाकाजवळ नेला आणि फ्लॅश मारला.

गृहस्थ किंचाळून उठले. घमेलं उलटलं. पाणी रस्त्यापर्यंत गेलं. नेने मॅडमनी तीनदा वाकून माफी मागितली.

"मुकिंदराव, माणसाला आधी उठवायचं, मग विचारायचं!"

"बरं."

संध्याकाळी बाजारात एक फळवाली बाई स्टुलावर बसली होती. चांगली जागी होती. पुढ्यात लाल, केसाळ फळांचा ढीग. पण बाई बसलेली. मुकिंदानं तिला हातवारे करून उठ म्हणून सांगितलं. ती बिचारी गोंधळून उभी राहिली. मग मुकिंदानं हात जोडले. "खो थाय रूप दाय माय ख्रप?"

परका माणूस आपल्या भाषेत बोलतोय, हे ऐकून ती खुदकन हसली. म्हणाली, "दाय खा!"

"खा?" मुकिंदानं विचारलं.

"खा, खा!" बाई मान डोलवत म्हणाली.

मुकिंदा खायला लागला. सालीसकट. सात फळं झाली, आठवं उचललं, तेव्हा नेने मॅडम धावत आल्या. बाईंची समजूत घातली आणि मुकिंदाला बाजूला घेतलं.

"अहो, इथे पुरुष बोलताना शेवटी 'ख्रप' लावतात आणि बायका 'खा' लावतात. आपण 'जी' म्हणतो ना, तसं. बाई 'खा' म्हणाली की खायचं नसतं. फोटोला परवानगी मिळाली असं समजायचं."

"असं होय," मुकिंदा घशातला केस काढत म्हणाला.

त्या रात्री कंपनीच्या साहेबांनी सगळ्यांना जेवण दिलं. साहेबांच्या पत्नी स्वतः वाढत होत्या. मुकिंदाच्या ताटात दोन गुलाबजाम घालून म्हणाल्या, "खा हो."

मुकिंदानं ताट बाजूला सारलं आणि त्यांचा फोटो काढला.

"अहो, खा ना!"

आणखी एक फोटो.

"लाजताय काय? खा!"

बाईंचे एकवीस फोटो झाले आणि ताटातलं सगळं थंड झालं. मुकिंदा उपाशीच खोलीवर गेला. तेवढ्यात सोजरचा फोन आला.

"माणसं मिळाली का हसरी?"

"एक हसत होती, पण तिचा काढायचा राहिला. एक ओरडताना मिळालाय. बाकी आपल्या साहेबांच्या बाई आहेत."

सोजरनं फोन ठेवून दिला. मुकिंदाला फार वाईट वाटलं. पोटात कावळे ओरडत होते, ते वेगळंच.

सकाळी हे सगळं नेने मॅडमच्या कानावर गेलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मुकिंदराव, आता एक शेवटचं ऐका. यापुढे कोणतीही बाई 'खा' म्हणाली, की समोर असेल ते मुकाट्यानं खायचं! फोटो काढायचा नाही, काही विचारायचं नाही. कळलं?"

"पण बाजारात तुम्ही..."

"बाजार विसरा!"

मुकिंदा बाजार विसरला.

त्याच दिवशी परतीचं विमान होतं. विमानतळावर पासपोर्ट तपासायची रांग लागली. मुकिंदा सर्वांत पुढे, मागे नेने मॅडम, त्यांच्यामागे बाकीचे. खिडकीत एक अधिकारी बाई बसल्या होत्या. त्यांनी काचेवरच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. इकडे बघा, फोटो काढायचाय.

मुकिंदाला नवल वाटलं. एवढी शिकलेली बाई आणि परवानगी मागत नाही? त्यानं हात जोडले आणि अदबीनं म्हणाला, "माय दाय ख्रप."

अधिकारी बाईंना हसू फुटलं. इतक्या वर्षांत त्यांना कुणी नाही म्हटलं नव्हतं. त्यांनीही हात जोडले आणि गोड आवाजात विचारलं, "खो थाय रूप दाय माय खा?"

मुकिंदानं समोर पाहिलं. समोर त्याचा विमानात बसायचा पास होता. त्यानं तो उचलला, घडी घातली आणि तोंडात टाकला.

अधिकारी बाई ताडकन उभ्या राहिल्या. थाई भाषेत 'या' म्हणजे 'नको'. त्या घाबरून ओरडल्या, "या खा! या खा!"

बोरखेडात पाहुण्याला अगदी असंच बोलावतात. मुकिंदा भराभर चावायला लागला.

"या खा! या खा!" बाई टेबलावर हात आपटू लागल्या.

नेने मॅडम पुढे धावल्या. "मुकिंदराव! अहो, काय करताय हे?"

मुकिंदानं शेवटचा घास गिळला, तोंड पुसलं आणि हात पुढे केला.

"मॅडम, माझा संपला. तुमचा पास द्या लवकर. बाई फारच आग्रह करतायत."