मुकुंदाचा तांब्या

"औषध सरबतात मिसळून मुकुंदाच्या ताईंच्या हातून दिलं तर?" हृषीकेशने विचारलं.

"आणि उद्या?" त्याच्या वरिष्ठ डॉक्टर दमयंतीबाई म्हणाल्या.

"उद्या काय?"

"उद्या त्याला जेवू कोण घालणार? ताईंच्या हातचं तो पुन्हा खाईल?"

हृषीकेश भूलशास्त्राच्या परीक्षेत पहिला आला होता आणि हे विसरायची त्याला सवय नव्हती. इथे मात्र त्याची मात्रा चालेना.

मुकुंदा चाळिशीचा, अंगापिंडाने दांडगा, जन्मापासून समज कमी. दाढा सडून गाल सुजलेला. तोंडाला कुणाला हात लावू देत नव्हता, म्हणून पूर्ण भूल देऊनच त्या काढायच्या होत्या. पण टेबलापर्यंत न्यायचं तर आधी गुंगीचं औषध पोटात जायला हवं. ते कडूजहर. एकदा त्याने ते भिंतीवर उडवलं होतं आणि आता कोपऱ्यात पाठ करून बसला होता. सूज गळ्याकडे उतरत चालली होती. हृषीकेश दाराकडे निघाला.

"चौघांना बोलावतो. धरू त्याला."

बाई मुकुंदाच्या बहिणीकडे वळल्या. "शालन, घरी काय करतो गं हा?"

"काय करनार?" शालनने डोळे पुसले. "आल्यागेल्याला पानी देतो. दुसऱ्या कुनाला देऊ देत न्हाई. आज उपाशी आनायचं म्हनलासा, म्हनून तांब्या काढून घेतला हातातनं. तवापासनं असाच हाय..."

"आणलायस तांब्या?"

शालनने पिशवीतून तांब्या-फुलपात्र काढलं. बाईंनी पाणी भरलं आणि मुकुंदाशेजारी ठेवलं.

"मॅडम! तोच प्यायला तर आजचं सगळं रद्द..."

"बस."

"कुठे?"

"पाहुणा बसतो तिथे."

हृषीकेश बूट काढून जमिनीवर बसला. त्याची नजर तांब्यावरून हलेना.

मुकुंदाने मान वळवली. तांब्याकडे पाहिलं. मग पाहुण्याकडे...

त्याने फुलपात्र भरलं. अर्धं सांडलं. उरलेलं पुढे केलं.

हृषीकेश प्यायला.

"आनिक?" मुकुंदा म्हणाला. सकाळपासूनचा हा त्याचा पहिला शब्द.

"नको. पोटभर झालं."

मग हृषीकेशने औषधाची वाटी उचलली. 'गोड आहे' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. बाई बघत होत्या.

"कडू आहे," तो म्हणाला. "फार कडू. झोप येईल. मग दुखरी दाढ काढू. ताई इथेच आहे."

मुकुंदा बराच वेळ वाटीकडे बघत राहिला. शालनने पदर तोंडाशी घट्ट धरला...

त्याने वाटी घेतली. तोंड वेडंवाकडं केलं. संपवली.

दुपारपर्यंत दाढा निघाल्या, पू निघाला. मुकुंदा अजून गुंगीत होता, श्वास संथ चालला होता. शालन त्याच्या उशाशी बसली होती.

हृषीकेशचा घसा काळजीने कोरडा पडला होता. "जमलं, मॅडम!" म्हणत त्याने आपली पाण्याची बाटली उचलली.

बाईंनी ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"आता काय चुकलं?"

"काही नाही. तो जागा होईपर्यंत तहान राखून ठेव."