विडा होईपर्यंत

एका गावात एक म्हातारे वैद्यबुवा आपल्या ओसरीवर मुलामुलींना औषधविद्या शिकवीत असत. त्यांच्यात एका विणकराची लेक होती, आवडी. बुद्धी निर्मळ, पण हातपाय काही तिचं ऐकत नसत, जीभही नाही. खल धरला की निसटायचा, उठायला गेली की पदरात पाय. मागावर धोटाही फेकता येईना, म्हणून बापानं इथं आणून सोडली होती. "दसऱ्यापर्यंत बघतो, बुवा. तोंड उघडलं नाही, तर घरी नेतो."

आणि तोंड उघडावं कधी? बुवांचा प्रश्न संपायच्या आत तिच्याबरोबर शिकणारा त्रिंबक उठून, उत्तर देऊन, खालीसुद्धा बसलेला असे. उत्तर आवडीलाही ठाऊक असायचं. पण शब्द जुळवून, तोल सावरून ती उभी राहीपर्यंत पोरं हसायची, "बसा आवडाबाई, लग्न लागलं, वऱ्हाडही जेवलं!" शेवटी एके दिवशी तिनं उठणंच सोडलं.

दुसऱ्या दिवशी बुवा पानाचा डबा घेऊन बसले. "प्रश्न विचारला की मी विडा लावीन. तो होईपर्यंत सगळे गप्प. आणि उत्तर बसूनच द्यायचं."

आता बुवांच्या तोंडात दात औषधालाही नव्हता! तरी पान पुसायचं, शिरा काढायच्या, चुना, कात, सुपारी, वर लवंग टोचायची, आणि तो विडा घालायचा दारातल्या शेळीला. चार दिवसांत शेळीचं तोंड लालेलाल. पोरं कुजबुजली, म्हातारा चळला.

एका सकाळी बुवांनी विचारलं, "ताप उतरला, पण रोगी जेवत नाही. काय कराल?"

आवडी शब्द लावू लागली. एक धरला, दुसरा निसटला. तिनं वर पाहिलं. लवंग बुवांच्या बोटांत तशीच थांबलेली.

"आधी... जीभ बघीन. मग विचारीन, काय खावंसं वाटतं. मऊ पेज देईन. थोडी थोडी."

कोणी हसलं नाही. त्रिंबक म्हणाला, "मी सुंठ सांगणार होतो. थांबलो म्हणून आठवलं, पित्त असेल तर बाधेल." मग त्याला राहवेना. "बुवा, दात नाहीत, तर विडा कशाला हो?"

"बाळा, तुझा शब्द सरळ वाटेनं येतो. हिचा डोंगराला वळसा घालून. निघतात दोघं बरोबरच. आपण आधीच दार लावून घेतो आणि म्हणतो, कोणी आलंच नाही. विडा होतो, तोवर माझं दार उघडं असतं."

दसऱ्याला बाप आला. "काय गं, घरी यायचं ना?"

आवडीचे ओठ हलले, शब्द फुटेना. बाप पुढं बोलणार, तोच त्रिंबकनं डबा त्याच्यापुढं सरकवला. "काका, आधी एक विडा लावा."

बाप गोंधळला, पण लावू लागला. पान पुसलं, चुना लावला, सुपारी घातली. ओसरीवर सगळे गप्प. लवंग टोचली.

"नाही, बाबा," आवडी म्हणाली. "मी... इथंच शिकणार."

बापानं विडा तोंडात घातला आणि डोळे पुसले. चुना जास्त झाला म्हणाला.

शेळी तेवढी दारात वाट बघत राहिली.