मांडीवर बसलेली खुर्ची

खुर्च्या बोलायच्या, त्या काळची गोष्ट. मुकुंदराव आणि नलिनीबाईंनी घर सजवायला जुनी शिसवी आरामखुर्ची आणली. तिच्यावर कुणी बसायचं नाही असं ठरवून दोघं चटईवर बसू लागले.

खुर्ची म्हणाली, “अहो, माझ्यावर तीन पिढ्या घोरल्यात. तुम्हीही बसा की!”

“छे! झिजशील,” नलिनीबाई म्हणाल्या.

“मग मीच बसते,” असं म्हणून खुर्ची मुकुंदरावांच्या मांडीवर जाऊन बसली. तिला चरा पडेल म्हणून ते हललेच नाहीत. महिने गेले, त्यांच्यावर धूळ साचली.

एकदा घर बघायला पाहुणे आले. एकाने मुकुंदरावांच्या टकलावरून कौतुकाने हात फिरवला. “वा! कुठल्या काळातलं हो?”

“हात नका लावू!” नलिनीबाई ओरडल्या. “झिजतील ते!”