रिकामं बीळ

फार वर्षांपूर्वी आयर्लंडमधल्या समुद्राकाठच्या एका टेकडीवर सशांची वस्ती होती. टेकडी आपल्या आजोबांची आहे, असं सांगून एक बोकड प्रत्येक बिळामागे निम्मा पाला खंड म्हणून घ्यायचा. एका उन्हाळ्यात पाला करपला आणि नोरा नावाच्या म्हाताऱ्या सशिणीचा खंड थकला.

"नीघ म्हातारे!" बोकड म्हणाला. "बोला, या बिळाचा जास्त खंड कोण देतो?"

बिळात ऊन छान यायचं. लगेच तिघे पुढे सरसावले.

"घ्या की," नोरा म्हणाली. "मीसुद्धा हे असंच, आधीच्याला हाकलल्यावर घेतलं होतं. उद्या तुम्हाला हाकलतील, तेव्हाही कुणीतरी पुढे येईलच."

तिघे खाली मान घालून मागे सरले. एकाने नोराला आपल्या घरी नेलं.

बोकडाने त्या बिळात राहायला दुसऱ्या टेकडीवरून एक ससा आणला. त्याला कुणी मारलं नाही, शिवीही दिली नाही. फक्त कुणी त्याच्याशी बोललं नाही. चौथ्या दिवशी तो निघून गेला. चिडून बोकडाने आणखी दोन बिळं रिकामी केली. तीही रिकामीच राहिली, आणि त्याला स्वतःला तर बिळात शिरताही येईना.

थंडी तोंडावर आली तसा तो नोराकडे आला. "आजी, परत या. तुमचा खंड निम्मा करतो."

"सगळ्यांचा?"

बोकडाने रिकाम्या बिळांकडे पाहिलं. "सगळ्यांचा."

नोरा घरी परतली. दारात कुणीच पाऊल न ठेवल्याने कोवळं गवत तिच्या कानांएवढं वाढलं होतं. तिने सगळ्या टेकडीला हाक दिली, "जेवायला या गं, जेवायला या रे!"