साळू निघाली भावाकडे

एक होती साळू. आजच्या गोष्टीत राजा नाही हं, आधीच सांगून ठेवते. नाहीतर नंदू मध्येच विचारेल, राजा कधी येणार म्हणून. शर्वी, पाय पांघरुणात घे.

तर ही साळू गावाच्या अगदी टोकाला राहायची. तिला आई नाही, बाप नाही, भाऊ नाही, बहीण नाही. रानातून पळसाची पानं आणायची आणि काडीनं टाचून पत्रावळी करायची. गावात कुणाचं लग्न असो की बारसं असो, सगळं गाव साळूच्या पत्रावळीवर जेवायचं. पण साळूच्या घरी मात्र एकच पान मांडलेलं असायचं. रोज एकच.

तसे तिचे दिवस जात. वाईट वाटायचं ते भाऊबीजेला. त्या दिवशी गावातल्या सगळ्या बायका नवी लुगडी नेसून भावाकडे जायच्या. घरोघरी कुलपं लागायची. मग साळू काय करायची? ज्या बाईला भाऊ नसतो ना, ती चंद्राला ओवाळते, बरं का. साळू संध्याकाळी अंगणात उभी राहायची आणि निरांजन लावून चंद्राला ओवाळायची. बीजेचा चंद्र तो केवढासा, नखाएवढा. दिवेलागणीला दिसतो आणि तुम्ही हातपाय धुवून येईपर्यंत डोंगराआड जातो. तो गेला की साळू आत यायची आणि दार लावायची. झाली भाऊबीज.

मग एका वर्षी साळूच्या मनानं घेतलं. इतकी वर्षं याला भाऊ म्हणतेय, एकदाही त्याच्या घरी गेले नाही. कसली मी बहीण. चंद्राचं घर कुठं, ते तिला ठाऊक होतंच. रोज बघत होती ना. मावळतीच्या डोंगरामागं. मग तिनं करंज्या केल्या. तबकात निरांजन, तुपाची वात, कुंकू, अक्षता ठेवल्या. फडक्यात सगळं बांधलं आणि सकाळीच निघाली.

थोडं चालली तर मागून एक बैलगाडी आली. गाडीत एक बाई होती आणि तिची तीन पोरं. गाडीवाल्यानं विचारलं, कुठं निघालात? साळू म्हणाली, भावाकडे. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली. तिला इतकं बरं वाटलं, की तिनं ते दुसऱ्यांदा सांगितलं, कुणी विचारलेलं नसताना.

मग बाईनं तिला गाडीत घेतलं. बाईला चौकशा फार. भाऊ किती तुम्हाला? साळू म्हणाली, एकच. काय करतो? रात्रीची राखण करतो. दिसायला कसा? गोरा. आणि स्वभाव? थंड हो, अगदी थंड. नंदू, हसू नकोस. ती एक शब्द तरी खोटं बोलली का?

पण बोलण्याच्या नादात काय झालं, डोंगराचा फाटा मागंच राहिला. गाडी निघाली भलतीकडे. भावाचं कौतुक करायला मिळालं होतं ना पहिल्यांदा, साळूला रस्ता कुठला दिसायला. ध्यानात आलं तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. मग ती उतरली आणि एक कोस उलटी चालत आली.

चालता चालता चपलेचा अंगठा तुटला. मग चपला हातात आणि पाय उघडे. त्या वाटेवर सराट्याचे काटे, एकेक हा एवढा. साळू खाली बसली, गाठोडं बाजूला ठेवलं आणि काटा काढायला लागली. मागून आली एक शेळी. काटा काढून साळू वळून बघते, तर करंज्या फस्त, अक्षता फस्त आणि शेळीचं तोंड कुंकवानं लाल. म्हणजे भाऊबीज शेळीचीच झाली म्हणा की. शेळीचा मालक म्हातारा होता. त्याला फार वाईट वाटलं. तो म्हणाला, बाई, आता परत जा, उन्हं कलली. साळू म्हणाली, परत कुणाकडे जाऊ?

मग ती डोंगर चढायला लागली. वाळलेलं गवत, त्यावरून पाय सटकतो. अर्ध्यावर ती घसरली. तबक तिनं गच्च धरलं, पण निरांजन उडालं आणि ठण्‌ ठण्‌ करत दरीत गेलं. वात गेली, तूप गेलं. राहिलं काय, तर रिकामं तबक. मग मात्र साळू तिथंच बसून रडली. कुणी बघायला नव्हतं, म्हणून मोठ्यानं रडली. भावाच्या दारात रिकाम्या हातानं कसं जायचं? पण सूर्य बुडायला आला होता आणि बीजेचा चंद्र काही थांबत नाही. मग डोळे पुसले आणि चढली.

ती वर पोचली आणि चंद्रही तिथं आला. कातळावर टेकला होता, हाताच्या अंतरावर. बारीक, वाकलेला, कुणी जेवायला न घातल्यासारखा.

चंद्र म्हणाला, "तू वर कशी आलीस? सगळ्या तर अंगणातूनच ओवाळतात."

साळू म्हणाली, "भाऊ म्हटलं, म्हणून घर बघायला आले."

आणि तिनं इकडेतिकडे बघितलं. घर कुठंच नव्हतं. दार नव्हतं, चूल नव्हती. डोंगराच्या पलीकडे नुसता उतार आणि आणखी डोंगर.

चंद्र म्हणाला, "मला घर नाही गं. इथून मी फक्त खाली उतरतो."

आपल्यापेक्षा कुणी एकटं असेल, हे साळूला कधी वाटलंच नव्हतं. मग तिनं पदर डोक्यावर घेतला. जवळ वात नाही, कुंकू नाही, काही नाही. रिकामं तबकच तिनं पुढं धरलं. त्या तबकात चंद्राचा उजेड पडला आणि पितळ असं लखलखलं, की दहा निरांजनं लावल्यासारखं. त्याच उजेडानं तिनं त्याला ओवाळलं. एकदा, दोनदा, तीनदा. चंद्र अगदी हलला नाही.

आता ओवाळल्यावर भावानं काहीतरी घालावं लागतं. चंद्रानं खूप विचार केला. मग म्हणाला, "द्यायला माझ्याजवळ काही नाही, साळू. पण आजपासून तुझ्या पोरांचा मी मामा."

साळू म्हणाली, मला कुठली पोरं. चंद्र म्हणाला, होतील तेव्हा होतील. तोवर गावातल्या पोरांना सांग.

मग साळू उतरायला लागली. आणि तुम्हाला सांगते, ती पायथ्याशी पोचेपर्यंत चंद्र तिथंच थांबला. बीजेचा चंद्र, घटकाभर उशिरा मावळला. गावच्या जोशीबुवांनी तीनदा पंचांग उघडून बघितलं.

मग साळूनं गावातल्या पोरांना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून पोरं संध्याकाळी तिच्या अंगणात यायला लागली, मामा दाखव म्हणून. आली की जेवूनच जायची. एका पानाची दोन झाली, दोनाची सात झाली. पुढं तिचं लग्न झालं, तिलाही पोरं झाली आणि सगळी सुखानं नांदली. तेव्हापासून चंद्र सगळ्यांचा मामा.

काय गं शर्वी? मला कुणी सांगितली?

माझ्या सासूनं. मला कुठं भाऊ होता. लग्नानंतरच्या पहिल्या बीजेला सगळ्या जावा माहेरी गेल्या आणि मी एकटी मागच्या अंगणात उभी. फार एकटं वाटलं होतं गं, जीव नको झाला होता. तेव्हा सासूबाई तबक घेऊन आल्या. मला वाटलं, माझ्यासाठीच आणलं. तर म्हणाल्या, सरक थोडी, मलाही भाऊ नाही. मग आम्ही दोघींनी मिळून ओवाळलं आणि त्यांनी मला ही गोष्ट सांगितली.

झोपा आता. खिडकी नको लावू नंदू, राहू दे उघडी.