ताटावर आडवा हात

एका राज्यात जेवणाऱ्याला ‘आणखी वाढू का’ असे कोणी विचारीत नसे. वाढणाऱ्याने वाढत जावे आणि पोट भरले की जेवणाऱ्याने ताटावर हात आडवा धरावा, अशी तिथली रीत. हात आडवा झाला की पळी थांबली. राजा असो की गुराखी, रीत सगळ्यांना एकच. आणि त्या राज्याच्या राजाने, सोमकेतूने, सात वर्षांत एकदाही ताटावर हात आडवा धरला नव्हता.

परातभर भात सरे, तुपाचे तपेले रिकामे होई, पुरणपोळ्यांची चळत खाली येई, वाढपी दमून पाळीपाळीने वाढीत, आणि राजा मान खाली घालून जेवत राही. अखेर तो उठे, तेही पोट भरले म्हणून नव्हे, तर जबडा दुखला म्हणून. पालखीला आठ भोई होते, त्यांचे सोळा झाले. सिंहासन सुताराने दोनदा रुंद केले. दरबारी म्हणत, महाराजांचे तेज वाढते आहे. बिचाऱ्या दरबाऱ्यांनी दुसरे म्हणावे तरी काय. वाढत होते ते अंग, आणि ते राणी पद्मगंधेला रोज दिसत होते. चार पावलांत राजाला धाप लागे. पायांवर सूज येई. आडवे झाले की छाती दाटे, म्हणून तो लोडाला टेकून बसल्याबसल्याच झोपे, आणि त्याचा श्वास चालू आहे ना हे पाहत राणी शेजारी बसून राही.

राजवैद्याने नाडी धरली, सोडली, पुन्हा धरली. मग तो राणीला बाजूला घेऊन म्हणाला, “राणीसाहेब, हृदय थकले आहे. हा भार उतरला नाही तर पुढचा वैशाख महाराज पाहणार नाहीत.”

राणीने आपल्या परीने सोपा उपाय केला. परात लहान केली, तूप बंद केले, गोडाला कुलूप लावले. राजाने एका शब्दाने तक्रार केली नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी राणीला तो कोठारात सापडला. जमिनीवर बसून तो ज्वारीचे कच्चे पीठ मुठीने तोंडात भरत होता. ओठ, दाढी, छाती, सगळे पांढरे झाले होते. तिला पाहून त्याने मूठ मागे लपवली. एवढा मोठा राजा, आणि मूठ मागे लपवली. राणीला त्याची नव्हे, स्वतःची लाज वाटली. हा हावरेपणा नाही, ही खरी भूक आहे, हे तिला त्या क्षणी समजले. तिने पदराने त्याचे तोंड पुसले आणि मनाशी ठरवले की याला उपाशी ठेवून मी याचा भार उतरवणार नाही. जे काय करायचे ते पोट भरून.

वैद्याने तिला डोंगराकडे बोट दाखवले. डोंगरापलीकडे एक जोगीण राहत असे. तिची चूल तीनशे वर्षे विझली नव्हती आणि ती ज्याला जे खाऊ घाली ते त्याला लागू पडे. राणी एकटी गेली. जोगिणीने तिचे सगळे ऐकून घेतले आणि चुलीत लाकूड सारले.

“तीन वस्तू आणाव्या लागतील,” ती म्हणाली. “दोन मी सांगेन. तिसरी तू मला सांगशील.”

पहिली वस्तू होती वाफेच्या दरीतला पाला. त्या दरीत जमिनीतून रात्रंदिवस वाफ निघते आणि तिथली पालेभाजी कितीही खाल्ली तरी अंगाला चिकटत नाही. दरीच्या तोंडाशी एक नागीण वेटोळे घालून बसली होती. तिने राणीला विचारले की तू जेवून आलीस का. राणी हो म्हणाली. नागीण म्हणाली, “भरल्या पोटाला वाट नाही.” मग राणी तिथेच बसली. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी तिला ना राज्य आठवे, ना राजा, डोळ्यांसमोर फक्त एक भाकरी दिसे. तेव्हा ती रडली. तीन दिवसांत माझे हे झाले, आणि तो सात वर्षे भरल्या ताटासमोर असा बसतो आहे. तिचे अश्रू पाहून नागीण बाजूला झाली.

राणीने पाल्याचे भारे बांधून आणले. पाला लसूण घालून, झाकण ठेवून शिजवला. राजाच्या ताटात निम्मी जागा तिने त्या भाजीला दिली आणि तीच आधी वाढली. आणखी एक केले, जे त्या राज्यात कोणत्याच राणीने केले नव्हते. तिने राजासमोर आपला पाट मांडला आणि तेच अन्न त्याच्याबरोबर जेवली, त्याचा घास तोंडात असेतो आपला पुढचा घास न उचलता. तिच्याकडे पाहून तोही सावकाश चावू लागला. तीन महिन्यांत सोळा भोयांचे बारा झाले.

दुसरी वस्तू होती डोंगराच्या पोटातल्या जात्याचे नाचणीचे पीठ. ते जाते आपोआप फिरते, पण ओंजळभर पिठामागे दळणारीच्या एका केसाचा काळा रंग मागते. राणीचे केस गुडघ्यांपर्यंत होते आणि राजाला त्यांचे फार कौतुक होते. ती जात्याशी नऊ दिवस बसली. परत आली तेव्हा पाठीवर पिठाची पोती होती आणि डोक्यावर एकही काळा केस नव्हता. त्या पिठाची ताकातली आंबील प्यायली की पोट दुपारपर्यंत जड राहते, आणि अंग मात्र दिवसेंदिवस हलके होते. पुढच्या तीन महिन्यांत बारांचे आठ झाले. पायांची सूज उतरली. एके दिवशी राजा पलंगावर आडवा झाला आणि सरळ पाठीवर झोपी गेला. राणी त्याच्याकडे बघत राहिली. तिला वाटले, जिंकले.

पण ताटावर हात काही आडवा होईना. आता शिजवलेले सरले की तो आणखी मागत नसे, एवढेच. वाढलेले संपवून तो रिकाम्या ताटाकडे पाहत बसे, आणि ते पाहणे तिला पूर्वीच्या खाण्याहून वाईट वाटे.

एकदा न राहवून तिने विचारले, “महाराज, पोट भरले नाही का?”

“पोट भरले,” राजा म्हणाला. “भूक जात नाही.”

राणी उठली आणि पुन्हा डोंगरापलीकडे गेली. जोगीण जणू तिची वाटच पाहत होती. तिने विचारले, “त्याने स्वतःचे नसलेले असे काय खाल्ले आहे?”

आणि राणीने ते सांगितले, जे तिने सात वर्षे कोणालाच सांगितले नव्हते.

त्यांना एक मुलगी होती, बकुळा. सहा वर्षांची. जेवण झाले की हात धुवायला न जाता परकराला पुसायची आणि त्यासाठी रोज राणीची बोलणी खायची. तापाने ती दोन दिवसांत गेली. त्या राज्यात माणूस लहान असो की मोठे, दहाव्या दिवशी नदीवर त्याच्या नावाने घास ठेवतात. कावळ्याने तो घास खाल्ला की गेलेले माणूस पोटभर जेवले आणि पुढच्या वाटेला लागले. तोवर सगळ्यांनी पाठ फिरवून उभे राहायचे. त्या दिवशीही सगळे पाठ फिरवून उभे होते. राणीने मात्र वळून पाहिले, कारण तिला लेकीचा घास जाताना पाहायचा होता. कावळा समोरच्या फांदीवर बसला होता. आणि राजाने पुढे होऊन तो दूधभाताचा घास स्वतः उचलला आणि खाऊन टाकला. घास उरलाच नाही तर ती जाणार कशी, असे त्या वेड्या बापाला वाटले असावे.

पुरोहिताने विचारले, कावळा शिवला का? राणी म्हणाली, शिवला.

त्याच दिवशी राज्यातले सगळे कावळे उडून गेले. तेव्हापासून तिथे कोणाच्याच घासाला कावळा शिवला नव्हता. लोक नदीवर येत, वाट पाहत आणि घास पाण्यात सोडून, मान खाली घालून घरी जात. आपलेच काही चुकले असेल असे प्रत्येकाला वाटे.

“तिसरी वस्तू म्हणजे तो कावळा,” राणी म्हणाली. जोगिणीने मान हलवली.

राज्याच्या सीमेबाहेर एका वाळलेल्या शिरसाच्या झाडावर सगळे कावळे बसून होते. राणी झाडाखाली उभी राहिली आणि आपले खोटे तिने मोठ्याने कबूल केले. सगळ्यांत म्हातारा कावळा खालच्या फांदीवर आला.

“तुझी मुलगी नदीच्या पलीकडच्या काठावर उभी आहे,” तो म्हणाला. “सात वर्षे. तिचा घास बापाने खाल्ला, म्हणून तिची भूक बापाच्या पोटात गेली. तो तिच्यासाठी जेवतो. त्यातले तिला काही पोहोचत नाही.”

सात वर्षे ती ज्या भुकेशी भांडत होती, ती तिच्या बकुळेची होती.

कावळ्याने अट सांगितली. राजाने पालखीविना, आपल्या पायांनी नदीवर यावे, आपल्या हाताने शिजवलेला घास ठेवावा आणि ठेवून सोडावा. राणी घरी परतताना विचार करीत होती की सहा महिन्यांपूर्वी ही अट ऐकली असती तर सोमकेतू वाड्याच्या दारापर्यंतही पोहोचला नसता.

तिने राजाला सगळे सांगितले. आपण वळून पाहिले होते, हेही सांगितले.

“म्हणजे ही भूक बकुळेची आहे,” तो म्हणाला.

“होय.”

“मग ती मी सोडणार नाही. मरेन, पण सोडणार नाही. तिचे माझ्यापाशी दुसरे काय उरले आहे?”

राणीला राग आला. सात वर्षे ती त्याच्यासाठी झिजली होती, केस पांढरे करून घेतले होते, पण त्याच्यावर कधी रागावली नव्हती. आज रागावली.

“तुम्ही भूक जपून ठेवली आहे, महाराज. लेकरू तिकडे उपाशी उभे आहे.”

राजाने तिच्याकडे पाहिले, तिच्या पांढऱ्या केसांकडे पाहिले. मग तो उठून स्वयंपाकघरात गेला. त्याने तांदूळ स्वतः धुतले. भात करपला, तो टाकून पुन्हा लावला. दूध घातले, चिमूटभर मीठ घातले, वाटीवर झाकण ठेवले आणि चालू लागला. भोई पालखी घेऊन मागे आले, त्यांना त्याने हाताने परत पाठवले. नदी कोसभर दूर होती. तो अकरा वेळा थांबला. दर वेळी राणी त्याच्याजवळ थांबली, आणि बोलावले नसताना नगरातले लोक मागून येऊन थांबले.

राजाने दूधभात दगडावर ठेवला. सगळ्यांनी पाठ फिरवली. म्हातारा कावळा समोरच्या फांदीवर येऊन बसला, पण खाली उतरेना. ऊन डोक्यावर आले. राणी लोकांकडे वळून म्हणाली की सात वर्षांपूर्वी मी इथे खोटे बोलले, तुमचे कोणाचे काही चुकले नव्हते. लोकांत कोणीतरी हुंदका दिला. कावळा तरीही हलला नाही.

मग राजा बोलला. “बकुळे, तू गेलीस.” सात वर्षांत हे वाक्य त्याने एकदाही उच्चारले नव्हते. “हा घास तुझा आहे. मी माझ्यापुरतेच जेवीन. तू जेव.”

कावळा खाली उतरला आणि त्याने घास खाल्ला. या वेळी राजा आणि राणी दोघांनीही वळून पाहिले. पलीकडच्या काठावर एक लहान मुलगी उभी होती. तिने हात परकराला पुसला, पाठ फिरवली आणि चालू लागली. राणीच्या ओठांवर ‘हात धुवून ये’ हे शब्द आले होते, ते तिथेच राहिले. मुलगी झाडांआड गेली. तिने मागे वळून पाहिले नाही.

परत येताना त्यांना घरोघरच्या छपरांवर कावळे दिसले. सात वर्षे ज्यांची माणसे अडकून पडली होती, ते लोक हातात घास घेऊन लगबगीने नदीकडे निघाले होते. राज्याची घडी पुन्हा बसली असे बखरीत लिहिले आहे, आणि पुढे राजाच्या पालखीला चार भोई पुरत, हेही लिहिले आहे. पुढचा वैशाख त्याने पाहिला, आणि त्यानंतरचेही पुष्कळ.

त्या दिवसाचे जेवण मात्र बखरीत नाही. दोन पाट समोरासमोर मांडले होते. पाल्याची भाजी, एक भाकरी, वाटीभर आंबील. राजा सावकाश जेवला. राणीने आणखी आंबील वाढायला पळी पुढे केली, आणि राजाचा हात उचलला गेला. तो ताटावर आडवा झाला.

“पुरे,” तो म्हणाला. “आता भूक नाही.”

याच हातासाठी तिने सात वर्षे वाट पाहिली होती. तिने पळीतली आंबील परत भांड्यात ओतली, पळी खाली ठेवली, आणि मग ती दोघे आपल्या मुलीसाठी रडायला बसली.