शेवटचे दोन ठोके

वसईचा एडविन रुमाव ड्रम वाजवायचा आणि बोलावेल त्याच्यासाठी वाजवायचा. सकाळी जाहिरातीची जिंगल, दुपारी सिनेमाचं गाणं, आणि बोलावणं आलं की परदेशी बँडबरोबर चार-चार महिने दौरा.

संगीतकार चंद्रहासरावांना नेमकं हेच खुपायचं. नव्या सिनेमाच्या रेकॉर्डिंगला ते निर्मात्या कुमुदताईंसमोर म्हणाले, "हा एडविन म्हणजे गावातल्या प्रत्येक लग्नातला वऱ्हाडी. माझी चाल अगदी नवी आहे, याला पेलायची नाही. दुसरा कुणी बघा."

"एकदा वाजवू तर द्या," एडविन म्हणाला.

"वाजव. पण तालीम मिळणार नाही. एक जागा चुकलीस की काठ्या उचलायच्या आणि वसई गाठायची."

गाणं सुरू झालं. चाल मधेच थबकायची आणि भलत्याच मात्रेवर उसळायची. व्हायोलिनवाले दोनदा अडखळले. एडविन मात्र चंद्रहासरावांचा हात हलायच्या आधीच प्रत्येक जागेवर हजर होता.

कुमुदताई थक्क झाल्या. "न ऐकता इतकं अचूक कसं वाजवलंत?"

"चाल अस्सल असली की वाजवणाऱ्याला आपोआप सुचतं," चंद्रहासराव मान ताठ करून म्हणाले.

"अगदी खरं," एडविन घाम पुसत म्हणाला. "लिस्बनच्या दौऱ्यात हेच गाणं रोज वाजवायचो, तेव्हाही असंच सुचायचं. फक्त साहेब, मूळ गाण्यात शेवटी दोन ठोके जास्त आहेत. ते घालू, की तेवढा भाग तुमचा म्हणून राहू देऊ?"

पुढच्या आठवड्यात सिनेमाला नवा संगीतकार आला. त्यानं पहिला फोन एडविनला केला.